पहिल्यांदा मनी प्लांट लावताय? आधी बोटाचं पेर आणि वेलीचं पेर ओळखा

ओळखीतलं कुणी ना कुणी मला दर पावसाळ्यात विचारतंच, की मनी प्लांट तर म्हणे कुणाच्याही घरी वाढतो, मग आमच्याकडचा का गेला? मी उलट एकच विचारते, पाणी रोज घालत होतात का? बहुतेक वेळा उत्तर हो असतं. सकाळी पूजा झाली की तुळशीला पाणी घालायचं आणि तांब्यात उरलेलं हॉलमधल्या मनी प्लांटला, असं कितीतरी घरात चालतं. तुळस उन्हात असते, तिला ते चालतं, खोलीत सावलीत बसलेल्या वेलीला नाही चालत. घरातला मनी प्लांट तहानेने फार क्वचित मरतो, बहुतेक वेळा त्याची मुळं कुजतात आणि आपण पानं पिवळी बघून अजून पाणी घालत राहतो.

मी पण माझा पहिला मनी प्लांट असाच घालवला. पुण्यात नवीन फ्लॅटमधे आलो तेव्हा एक पांढरी, चिनी मातीची सुंदर कुंडी घेतली होती, तिला खाली भोक नव्हतं आणि ते बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. दीड-दोन महिन्यात खालची पानं पिवळी पडायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय. शेवटी उपटून बघितला तर मातीला गटारासारखा वास, आणि मूळ दोन बोटात धरलं की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात यायची, आत नुसता दोऱ्यासारखा तंतू. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी असतं, दाबलं तर घट्ट लागतं. हा फरक एकदा हाताला कळला की परत विसरत नाही. म्हणून ज्यांनी आजवर घरात एकही झाड लावलं नाहीये त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून क्रमाने सगळं लिहितेय.

ही वेल मुळात राहते कुठे

मनी प्लांट इतका आपल्या घरातला झालाय की तो इथलाच वाटतो, पण त्याचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं मोरिया नावाचं बेट, ताहितीच्या शेजारी. १८८० साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं, आज त्याचं नाव एपिप्रेमनम ऑरियम. कुळ मात्र आपल्या ओळखीचं आहे, अळू आणि सुरण ज्या कुळातले त्याच कुळातला हा. जंगलात तो मोठ्या झाडाच्या बुंध्याला मुळांनी धरून वर चढतो, डोक्यावर दुसऱ्या झाडांची सावली असते, त्यातून गाळून आलेला उजेड मिळतो, पाऊस पडला की पाणी मुळांवरून वाहून जातं, साचत नाही, आणि हवा कायम उबदार दमट. घरात आपल्याला एवढंच जमेल तितकं करून द्यायचंय.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. मनी प्लांटला फूल जवळजवळ येतच नाही. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, २०१६ मधे संशोधकांनी ते कारण शोधून काढलं. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणजे जगभरच्या घरात जे मनी प्लांट आहेत ते सगळे कुणीतरी कुणालातरी कापून दिलेल्या फांदीपासून वाढलेत. ते चोरून आणला तरच वाढतो म्हणतात ना, त्यात काही तथ्य नाही, शेजारच्या काकूंना सरळ विचारा, कुणी नाही म्हणत नाही, आणि फांदी कुठे कापायची ते पण त्याच दाखवतील.

रोप आणायच्या आधी जागा ठरवा

आपण उलटं करतो, आधी नर्सरीतून घेऊन येतो आणि मग घरभर कुंडी फिरवत बसतो. दुपारी बाराच्या सुमारास ज्या जागी ठेवायचंय तिथे हात धरा, साधारण फूटभर खाली सावली बघा. सावली अंधुक, कडा पुसट दिसल्या तर जागा उत्तम. कडा धारदार, पाची बोटं स्पष्ट, तर ऊन जास्त आहे, पडदा लावा नाहीतर कुंडी आत सरकवा. सावलीच पडत नाही आणि दिवा न लावता पेपर वाचता येत नाही तर तिथे वेल मरणार नाही कदाचित, पण वाढणारही नाही, दोन पानांमधली दांडी लांबत जाईल आणि पानं बारीक येतील. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. पश्चिमेची खिडकी जून ते फेब्रुवारी चालते, पण एप्रिल-मे मधे तिथे पानांवर कागदासारखे कोरडे तपकिरी डाग पडतात, ते भाजल्याचे असतात आणि भाजलेलं पान परत हिरवं होत नाही.

एसीची हवा थेट अंगावर येईल अशा जागी ठेवू नका, गॅसच्या शेगडीजवळ नको. विदर्भात उन्हाळ्यात खिडकीतून गरम झळा येतात, माझी बहीण नागपूरला असते, ती मार्चअखेर सगळ्या कुंड्या खिडकीपासून उचलून आतल्या खोलीत नेते आणि जूनमधे परत जागेवर ठेवते, तिच्या वेली माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. थंडीत १० अंशाच्या खाली ही वेल खूश नसते, त्यामुळे नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत बाल्कनीतल्या कुंड्या रात्री आत घ्या.

रोप निवडताना

पहिल्यांदा लावणाऱ्यांनी साधा हिरवा किंवा हिरव्यावर पिवळे शिंतोडे असलेला गोल्डन घ्यावा. पांढऱ्या पानांचे मार्बल क्वीन वगैरे दिसतात सुंदर, पण पानात जेवढा पांढरा भाग तेवढं हरितद्रव्य कमी, म्हणजे उजेड जास्त लागतो आणि वाढ हळू. एक वर्ष गोल्डन सांभाळा मग ते आणा. (गोल्डनला सुद्धा अंधारात ठेवलं की नवीन पानं नुसती हिरवी येतात, घाबरू नका, उजेडात नेलं की पुढची पानं परत पिवळे शिंतोडे घेऊन येतात.)

नर्सरीत पान उलटं करून बघा, आणि पान जिथे दांडीला जोडलंय त्या बेचक्यात बघा. तिथे कापसासारखं पांढरं काही चिकटलेलं असेल तर ते रोप ठेवून द्या, तो पिठ्या ढेकूण असतो आणि घरातल्या बाकीच्या झाडांवर पण पसरतो. नवीन रोप आणलं की दोन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवायचं, आणि त्याच दिवशी कुंडी बदलायची घाई करायची नाही, आधी त्याला तुमच्या घराच्या हवेची सवय होऊ द्या.

कुंडी आणि माती

कुंडीला भोक हवंच. मातीची, प्लास्टिकची, काहीही चालेल, मातीची कुंडी लवकर सुकते म्हणून पाणी जास्त घालायची सवय असलेल्यांना ती बरी. शोभेची बिनभोकाची कुंडी वापरायचीच असेल तर झाड भोकवाल्या प्लास्टिकच्या कुंडीत लावा आणि ती त्या शोभेच्या कुंडीत नुसती ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा, निथळू द्या, परत ठेवा. आकार, मुळांच्या गड्ड्यापेक्षा सगळीकडून एक-दोन बोटं मोठी. पुढे वाढणारच आहे म्हणून आत्ताच बादलीएवढी कुंडी घेऊ नका, जिथे मुळं पोचलेली नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि कुजणं तिथूनच सुरू होतं.

मातीबद्दल एक कळकळीचं सांगणं, शेतातली काळी माती आणून घरातल्या कुंडीत भरू नका. कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ती ओली असताना चिखल होते आणि सुकली की दगडासारखी तडकते, मुळांना दोन्ही वेळा हवा मिळत नाही. मी दोन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत घेते आणि त्यात दोन-तीन मुठी परलाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खडे) टाकते. परलाइट मिळत नसेल तर भाताचं तूस किंवा कोळशाचे, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे टाका. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट मिळते, ती बादलीत पाण्यात भिजवली की फुगून अर्धी बादली होते, एकदा पाणी बदलून घट्ट पिळून घ्या, त्यातले क्षार जातात. मिश्रण मुठीत दाबलं आणि मूठ उघडली की बोट लावल्यावर गोळा फुटला पाहिजे. फुटत नसेल तर तूस अजून घाला.

लावताना कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटं जागा ठेवायची, नाहीतर पाणी घातलं की माती बाहेर येते. खाली खडे-विटांचा थर द्यायची पद्धत आहे, त्याची काही गरज नाही, भोकावर एखादा खापराचा तुकडा किंवा जाळी ठेवली की पुरे.

पाणी, म्हणजे खरं काम

आता बोटाचं पेर. पाणी घालायच्या आधी तर्जनी मातीत दोन पेरं आत घाला. ओलं, गार लागलं, बोटाला माती चिकटून आली, तर आज पाणी नाही. दोन्ही पेरांपर्यंत कोरडं लागलं तर घाला. वरचा थर बघून ठरवू नका, कोकोपीट वरून दोन दिवसात कोरडं दिसतं आणि आत नुसतं ओलंगच्च असतं. बोट घालायला नको वाटत असेल तर पाणी घातल्यावर एकदा कुंडी उचलून वजन बघून ठेवा, आणि मग रोज जाता येता उचला, सुकली की एकदम हलकी लागते, आठवड्याभरात हाताला समजायला लागतं.

घालायचं ठरलं की मात्र थोडं थोडं शिंपडायचं नाही. सगळीकडून सावकाश घाला, खालच्या भोकातून पाणी यायला लागेपर्यंत. मग वीस-पंचवीस मिनिटांनी खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. कपभर पाणी रोज, ह्याने वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं एकतर कोरडी नाहीतर सडकी, दोन्ही वाईट.

दिवस मोजून सांगा असं सगळे म्हणतात. माझ्याकडे पुण्यात सहा इंची कुंडीला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी लागतं, थंडीत आठ-दहा दिवसांनी, आणि पावसाळ्यात कधी कधी बारा दिवस होतात. पण कोकणात किंवा मुंबईला जुलैमधे हवाच इतकी ओली असते की माती सुकतच नाही, तिथे पंधरा दिवस पण जाऊ शकतात, म्हणून माझे आकडे घेऊ नका, तुमचं बोट वापरा. पावसाळ्यातच सगळ्यात जास्त मनी प्लांट मरतात, बाहेर हिरवंगार बघून आपल्याला वाटतं झाडांना पाणी हवंच असणार, आणि आत खिडक्या बंद, ऊन नाही, वारं नाही, माती आठवडाभर भिजलेली. त्या दिवसात हात आवरा.

आता एक महत्त्वाचं, पान मलूल झालं की लगेच तांब्या उचलू नका. माती कोरडी आणि पानं मलूल, लोंबलेली, तर तहान आहे, पाणी घातल्यावर काही तासात उभी राहतात. माती ओली आणि तरी पानं मलूल, तर मुळं खराब झालीत, त्यांना पाणी ओढताच येत नाहीये. अशा वेळी कुंडीतून काढा, माती झटका, नळाखाली मुळं धुवा, जी मऊ काळी झालीत ती स्वच्छ कात्रीने कापून टाका आणि उरलेलं नवीन कोरडसर मातीत लावा. सगळीच गेली असतील तरी वरची हिरवी फांदी कापून पाण्यात ठेवता येते, वेल वाचते. त्या पहिल्या वेळी मला हे माहीत असतं तर ती वेल आज असती.

सकाळी कधी पानाच्या टोकाला पाण्याचा एक टपोरा थेंब लोंबताना दिसेल. तो रोग नाही, मुळांनी रात्री जास्तीचं पाणी ओढलं की वेल ते पानाच्या टोकातून बाहेर सोडते. रोज दिसायला लागला तर समजा की माती जरा जास्तच ओली आहे. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर येतो, क्षारांचा, तो वरून खरवडून काढा आणि पावसाचं पाणी जमलं तर ते घाला.

चढवायची की सोडायची

टांगत्या कुंडीतून खाली सोडलेली वेल छान दिसते, पण खाली लोंबणाऱ्या वेलीची पानं हळूहळू लहान होत जातात. तीच वेल आधार देऊन वर चढवली की पानं मोठी व्हायला लागतात, जंगलात बुंध्यावर चढलेल्या मनी प्लांटचं पान अडीच-तीन फुटाचं होतं आणि त्याला कडेने कापल्यासारख्या खाचा पडतात, ते मनी प्लांट आहे हे पटकन ओळखूही येत नाही. घरात तेवढं नाही होणार, पण तळहाताएवढं पान दीड-दोन वर्षात दुप्पट झालेलं मी माझ्या हॉलमधे बघितलंय.

आधाराची काठी विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. दीड इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घ्या, त्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा, मधे फट ठेवू नका, आणि कुंडी भरतानाच मधोमध उभा करा, नंतर खुपसला तर मुळं तुटतात. वेलीच्या प्रत्येक पेरावर, म्हणजे दांडीवर पान फुटतं तिथे, एक तपकिरी टेंगूळ असतं, ते हवेतलं मूळ, ती बाजू काठीकडे करून सुतळीने सैल बांधा. पानाचा देठ बांधू नका, दांडी बांधा. आणि काथ्या ओला राहिला पाहिजे, दिवसाआड त्यावर फवारा मारा, कोरड्या काठीला मूळ धरतच नाही आणि मग लोक म्हणतात आमची वेल चढत नाही.

एक विनंती, घरातली वेल फार वाढली म्हणून सोसायटीच्या आवारातल्या आंब्याच्या-जांभळाच्या बुंध्याशी नेऊन लावू नका. दिसायला भारी दिसते, पण काही वर्षात ती अख्खं झाड झाकून टाकते. श्रीलंकेत, हवाईत ही वेल जंगलात पसरून डोकेदुखी झालीय.

वेलीचं पेर आणि नवीन रोप

उसाचं बेणं कसं डोळा बघून तोडतात, तसंच इथे. दांडीवर जिथे पान फुटतं तिथे कंगोऱ्यासारखी एक गोल रेघ असते, ते पेर. मूळही तिथूनच फुटतं आणि नवीन कोंबही तिथूनच. पेराच्या खाली साधारण अर्धा इंच सोडून तिरकं कापा. एका तुकड्यावर दोन-तीन पेरं आणि दोन पानं असली की पुरे, सगळ्यात खालचं पान काढून टाका आणि ते पेर पाण्यात बुडलं पाहिजे. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर कधी कधी मूळ फुटतं, महिनोनमहिने हिरवं राहतं, पण पेर नाही म्हणजे डोळा नाही, त्यातून वेल कधीच येत नाही. माझ्या एका मैत्रिणीने आठ महिने वाट बघितली होती.

उबदार दिवसात दोन-तीन आठवड्यात मुळं येतात, थंडीत महिना लागतो. दोन-तीन इंच झाली की मातीत लावा, फार लांब होऊ देऊ नका, पाण्यात वाढलेली मुळं मातीला पटकन रुळत नाहीत. लावल्यावर पहिले दोन आठवडे मात्र बोटाचा नियम जरा सैल, माती हलकी ओलसर ठेवा. एका कुंडीत एकच फांदी लावू नका, चार-पाच लावा, भरगच्च दिसतं. आणि जुन्या वेलीला जिथे कापलं त्याच्या मागच्या पेरातून नवीन फुटवा येतो, म्हणून लांबच लांब टक्कल पडलेली वेल झाली असेल तर धीर करून कापा. नवीन पान जुन्या पानाच्या देठातल्या खोबणीतून सुरळीसारखं गुंडाळलेलं येतं, एकदम पोपटी आणि ओलसर चकचकीत, दोन-तीन दिवसात उलगडतं. ते ओढून उघडायला जाऊ नका, फाटतं.

बाटलीत ठेवणार असाल तर

मनी प्लांट नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षं राहतो, सावकाश वाढतो पण राहतो. पण हे मी जीव तोडून सांगतेय, त्या बाटलीत डेंग्यूचे डास होतात. एडीस डासाला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं, आणि घरातली मनी प्लांटची बाटली म्हणजे त्याला हवी तशी जागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदललंच पाहिजे, तो कोरडा दिवस पाळा म्हणतात तो याचसाठी. नुसतं ओतून परत भरणं पुरत नाही, अंडी पाण्याच्या रेषेजवळ काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने तग धरतात, परत पाणी मिळालं की अळ्या बाहेर. बाटली आतून ब्रशने घासा, वेलीची मुळं नळाखाली धुवा, मग नवीन पाणी. आमच्याकडे रविवारी सकाळी हे काम असतं, माझा मुलगा करतो, पाच मिनिटं लागतात. दर आठवड्याला होणार नसेल तर बाटलीत ठेवूच नका, मातीत लावा.

खत, थोडक्यात

दर दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या मातीत मिसळा, एवढ्यावर वेल छान चालते. जास्त जोमदार हवी असेल तर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, मार्च ते ऑक्टोबर, तेही माती आधीच ओलसर असताना. थंडीत काही देऊ नका. आजारी झाडाला खत देऊ नका, मुळंच चालत नसतील तर खत नुसतं साठून अजून भाजतं. चहाचा चोथा, दूध, तांदळाचं पाणी घरातल्या कुंडीत ओतू नका, वास येतो, बुरशी धरते आणि चिलटं होतात.

दोन-तीन वर्षांनी मुळं भोकातून बाहेर डोकावायला लागली की एका मापाने मोठी कुंडी घ्या, जून-जुलैमधे.

काही बिघडलं तर

सगळ्यात खालचं एखादं पान महिन्या-दोन महिन्यात पिवळं होऊन गळणं हे नेहमीचं, काही करू नका. एकदम तीन-चार पानं पिवळी झाली तर बोट घाला, बहुतेक वेळा माती ओली सापडेल. पानांच्या कडा कोरड्या तपकिरी झाल्या तर हवा फार कोरडी किंवा पाण्यात क्षार.

पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा, बेचक्यात टूथपिकला कापूस गुंडाळून. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी पानाच्या खालून वरून फवारा, आठवड्याने परत, असं तीन वेळा. पानाखाली बारीक जाळी आणि पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके असतील तर लाल कोळी आहे, उन्हाळ्यात होतो, आधी वेल बाथरूममधे नेऊन जोरदार पाण्याने पानं धुवा, अर्धा त्रास तिथेच जातो, मग तोच फवारा. मातीवर चिलटं उडत असतील तर पाणी कमी करा, वरचा थर पूर्ण सुकू द्या, आणि शेतात लावतात ते पिवळे चिकट सापळे कुंडीत खोचा. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसली तर यातलं बरंचसं होण्याआधीच नजरेस पडतं, आणि धूळ गेली की पानाला उजेडही जास्त मिळतो. वर चमक यावी म्हणून तेल चोळू नका.

हवा शुद्ध करतो म्हणून आणताय तर एक सांगते. १९८९ मधे नासाने बंदिस्त छोट्या पेट्यांमधे झाडं ठेवून जो अभ्यास केला त्यातून ते पसरलं, पण २०१९ मधे अशा सगळ्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की खऱ्या घरात फरक पडायला चौरस मीटरला दहा किंवा त्याहून कितीतरी जास्त झाडं लागतील. खिडकी उघडा, आणि वेल आवडते म्हणून लावा.

लहान मूल आणि मांजर

अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो ना, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक मनी प्लांटच्या पानात आणि दांडीत असतात. रांगतं बाळ किंवा मांजर, कुत्रा यांनी पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. तोंड धुवून पाणी पाजा, सूज दिसली किंवा गिळायला त्रास झाला तर डॉक्टरकडे न्या. कुंडी उंचावर ठेवा आणि लोंबणारी टोकं हाताच्या अंतरावर येऊ देऊ नका. कापताना चीक हाताला लागून खाज सुटते काही जणांना, त्यांनी हातमोजे घाला आणि डोळे चोळू नका.

गणपतीला गावाला आठ-दहा दिवस जाणार असाल तर मातीतल्या वेलींची काळजी करायची गरज नाही. निघायच्या आदल्या दिवशी बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला, नीट निथळू द्या, खिडकीपासून दोन फूट आत सरकवा आणि निघा. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगू नका, ते प्रेमाने रोज घालतात. बाटल्यांमधल्या वेलींचं मात्र आधी बघा, पाणी ओतून टाका, बाटल्या आतून घासून उलट्या पालथ्या घाला, आणि फांद्या तेवढ्या दिवसांपुरत्या ओल्या कोकोपीटच्या डब्यात खोचून ठेवा, परत आल्यावर धुवून पुन्हा पाण्यात ठेवता येतात.